तांदळात लिहिलेलं नाव

माणसं शोधून देणं हा माझा धंदा आहे. मी पोलिसात नाही आणि लग्नंही जुळवत नाही. मालवणपासून थोडं आत आमचं घर आहे, त्याच्या पडवीत एक टेबल टाकलंय, टेबलावर लॅपटॉप, आणि त्या लॅपटॉपात एका मोठ्या रुग्णालय-संस्थेतली सगळी माणसं. मुंबईतली मोठी इस्पितळं, घाटावरची मधली आणि आमच्या जिल्ह्यातली दोन-दोन खोल्यांची केंद्रं एकाच जाळ्यात जोडायचं ठरलं. त्या जाळ्यात प्रत्येक माणसाला एक नाव आणि एक जागा देण्याचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि कोकणपट्टी माझ्या गळ्यात पडली. कुठूनही कुणी नाव टाइप केलं की ते माणूस समोर यायला हवं. कुठल्या जिल्ह्यातलं, कुठल्या केंद्रातलं, काय काम करतं, मेल कुठे पाठवायचा. याला डिरेक्टरी म्हणतात. सांगायला सोपं आहे, करायला बसलं की डोकं फिरतं.

त्यात मी एका जागी न बसणारा. दर दहा मिनिटांनी उठून परसात जाऊन यायचं, काजूच्या झाडाखाली उगीच एखादी बी पडलीय का बघायचं, परत येऊन बसायचं, रेंज गेली म्हणून फोन उंच धरून अंगणात फिरायचं. बायको म्हणते, तुला हे बैठं काम कुणी दिलं त्याला एकदा भेटायचंय.

आमच्याकडे माणूस नावानं सापडतच नाही, ही खरी अडचण. कसालच्या बाजारात एखाद्याचं नाव-आडनाव सांगून पत्ता विचारून बघा. दुकानदार उलटा तुम्हालाच विचारतो. वाडी कुठली, घर वरचं की खालचं, व्हाळाच्या पाण्याकडचं, बाप बोटीवर होता तो की मास्तर होता तो. एवढं सगळं सांगितलं की माणूस बरोबर सापडतो, आणि वर दुकानदार म्हणतो, त्याचं नाव हे आहे होय, मला माहीतच नव्हतं. अशा मुलखातली माणसं मी नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीन खणांत बसवत होतो. एकाच नावाची तीन माणसं निघाली की मशीन त्यांना एक, दोन, तीन असे आकडे लावून मोकळं व्हायचं. मग ज्याला तीन मिळाला त्याचा फोन यायचा. एका डॉक्टरांनी मला अर्धा तास झापलं, कारण त्यांना दोन मिळाला होता आणि एक मिळाला होता त्यांच्याच हाताखालच्या कंपाउंडरला.

ख्रिस्ती कुटुंबांची आणखी निराळी गंमत. एकाच घरातले दोन भाऊ, एक गोव्यात शिकला, दुसरा इथे, आणि दोघांच्या आडनावाची स्पेलिंगं अशी वेगळी की मशीनच्या लेखी ते कुणी कुणाचे लागत नव्हते. शिवाय त्यांच्यात बरेच जण बापाचं नाव मध्ये लावत नाहीत आणि आमचं मशीन तो खण रिकामा ठेवू देत नव्हतं. मी सगळ्या केंद्रांना निरोप पाठवला की ज्यांचा खण रिकामा आहे त्यांना वडिलांचं नाव आहे का ते विचारून भरावं. एका केंद्रातून यादी आली. सात जणांच्या मधल्या नावापुढे लिहिलं होतं 'आसा'. म्हणजे आहे. विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं होतं बिचाऱ्यांनी. मी लगबगीत यादी तशीच चढवली, आणि चार दिवसांनी मुंबई ऑफिसातून कुणीतरी कौतुकानं विचारलं की तुमच्याकडे आसा हे नाव फार दिसतं, कुठल्या देवाचं आहे. हा किस्सा मी पुढे कितीतरी जणांना सांगितला आणि हसवलं. तेव्हा मला वाटायचं की चुका नावं देणारे करतात, नावं मांडणारे करत नाहीत.

मग साफसफाईचं फर्मान आलं. नव्वद दिवस ज्या खात्यात कुणी शिरलेलं नाही आणि ज्या खात्यातलं नाव पगाराच्या यादीत नाही, ते खातं बंद करायचं. बंद झालेलं खातं शोधलं तरी दिसत नाही, आणि तीस दिवसांनी ते कायमचं पुसलं जातं. सोडून गेलेली माणसं, वारलेली माणसं, दोनदा चढलेली माणसं. आम्ही त्यांना भुतं म्हणायचो. हे काम मला मनापासून आवडलं. एक नाव, एक नजर, एक टिचकी. दोन दिवसांचं काम मी एका सकाळीत उरकलं आणि स्वतःवर खूश होऊन परसात फिरायला गेलो.

यानंतर साडेतीन आठवड्यांनी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. बांद्याच्या अलीकडे, हायवेपासून आत, तिचं सासर. काजू-भातशेतीचं घर. तिथल्याच केंद्रावर ती अकरा वर्षं कंत्राटी नर्स होती. दर वर्षी मार्चमध्ये तिचं कंत्राट संपायचं आणि ते परत होईपर्यंत ती घरात कुणाशी धड बोलायची नाही. केंद्र आमच्याच संस्थेचं, म्हणजे माझ्या जाळ्यातलं. त्या वर्षी संस्थेनं ठरवलं की जुन्या कंत्राटी नर्सना कायम करायचं. ज्यांना बोलवायचं त्यांना त्यांच्या स्वतःच्या ऑफिसच्या मेलवर बोलावणं येणार, त्याला ठरलेल्या तारखेच्या आत उत्तर द्यायचं आणि कागद घेऊन कुडाळच्या कचेरीत हजर व्हायचं. उत्तर नाही आलं तर नाव गळणार. ताई पंचेचाळीसची. पुढच्या खेपेला ती वयात बसणार नव्हती, म्हणजे हीच एक संधी होती.

"सगळ्यांका मेल इलो रे," ती म्हणाली. "माका एकटीकच नाय."

मी विचारलं, आयडी काय तुझा. ती म्हणाली, आयडी-बियडी मला ठाऊक नाही, कधीतरी एका मुलीनं करून दिला होता, चिठ्ठी हरवली. केंद्रात सगळे डॉक्टरांच्याच नावानं मशीन उघडून काम करतात, स्वतःचं खातं उघडायची वेळच कुणावर आली नव्हती. मी म्हटलं, काळजी करू नको, माणसं शोधणं हेच माझं काम आहे, पाच मिनिटांत सांगतो.

तिचं नाव टाकलं. सापडत नाही. नावापुढे सासरचं आडनाव लावलं. सापडत नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, एक अक्षर कमी, एक जास्त. नुसत्या आडनावानं शोधलं तर अर्धा जिल्हा समोर आला आणि त्यात ती नव्हती. तिचं केंद्र उघडलं. तिथे डॉक्टर, एक लॅबवाला, एक फार्मासिस्ट. नर्स कुणी नाही. पगाराच्या यादीत मात्र ती होती, प्रमाणपत्रावर होतं त्याच नावानं, पण पुढे आयडीचा खण कोरा. मी निष्कर्ष काढला की त्या मुलीनं आयडी कधी केलाच नव्हता. त्या मुलीला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

नवा आयडी मी दोन मिनिटांत करू शकलो असतो, पण बोलावणं जुन्या यादीवरून गेलं होतं, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. आधी काय झालं ते कळायला हवं होतं. त्या दिवशी मी पडवीत किती फेऱ्या मारल्या सांगता येणार नाही. जेवताना मध्येच उठून पुन्हा शोधलं, जणू मघाशी ती बाहेर गेली होती आणि आता परत आली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आधी मला भीती नव्हती, चीड होती. मग तारखेला एकच दिवस उरला तेव्हा भीती आली. मी लॅपटॉप पाठीला लावला, बाइक काढली आणि निघालो. कसालला हायवे लागतो, कुडाळ मागे पडतं, पुढे सरळ बांद्याचा रस्ता. ऊन असं होतं की हेल्मेटात डोकं शिजत होतं. मी कुठे चहालासुद्धा थांबलो नाही.

केंद्राच्या दारात एक आयाबाई स्टूल टाकून बसली होती. मी ताईचं पूर्ण नाव सांगून विचारलं, आहेत का.

"ह्या नावाचा हंय कोण नाय," ती म्हणाली.

दोन दिवस स्क्रीन मला हेच सांगत होती. मी इतका वैतागलो होतो की तिच्याशी वाद घालायला लागलो. अहो, अकरा वर्षं ती इथे नर्स आहे. बाई शांतपणे म्हणाली की नर्स एकच आहे, पण तिचं नाव हे नाही. आमचा आवाज ऐकून आतून ताईच बाहेर आली. पांढरा कोट, हातात तापाच्या गोळ्यांचं पाकीट. आणि कोटावर, खिशाच्या वर, नावाची पट्टी.

मी ती पट्टी वाचली. आडनाव सासरचं, मधलं नाव भावोजींचं, आणि पहिलं नाव असं, जे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते मला लगेच आठवलं. साफसफाईच्या यादीत. एक नाव, एक नजर, एक टिचकी.

सांगायला लाज वाटते, पण मला माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव माहीत नव्हतं. म्हणजे एके काळी माहीत होतं. तिचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि पाठराखणीला तिच्यासोबत सासरी गेलो होतो. तिथे ताटात तांदूळ पसरले, भावोजींनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि पेढे वाटले. मला तो सगळा प्रकार अजिबात पटला नाही. आईनं ठेवलेलं चांगलं नाव असताना ह्या लोकांनी ते बदललं कशाला. मी पेढा घेतला नाही. ताईला म्हटलं, "मी ह्या नाव घेवचंय नाय." ती नव्या साडीत बसल्या बसल्या हसली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. मी शब्द पाळला. पुढे पाळायची गरजही पडली नाही. आमच्याकडे ती ताई, सासरी वहिनी आणि काकी, लग्नपत्रिकांवर फक्त भावोजींचं नाव, माझ्या फोनमध्ये 'ताई'. ते नाव राहिलं फक्त कागदावर आणि तिच्या कोटावर. नर्सिंगचा कोर्स लग्नाआधीचा, त्यामुळे प्रमाणपत्रावर आणि पगाराच्या यादीत माहेरचं नाव. नोकरीला लागली ती लग्नानंतर, त्यामुळे डिरेक्टरीत सासरचं. दोन्ही नावं जुळली नाहीत, खातं कधी उघडलं नव्हतं, म्हणून भूत. नियमात अगदी बरोबर बसत होती. मी तिला फोनवर एकच प्रश्न विचारायला हवा होता, खातं कोणत्या नावानं आहे. पण सख्ख्या बहिणीला तुझं नाव काय असं कोण विचारतं?

मी पाणी मागितलं आणि बाकावर लॅपटॉप उघडून बसलो. बंद खात्यांच्या यादीत ते होतं. बंद करून सव्वीस दिवस झाले होते. चार दिवसांनी कायमचं गेलं असतं. मी ते परत चालू केलं. मेलची पेटी रिकामी होती, कारण मधल्या दिवसांत जे आलं ते दारातूनच परत गेलं होतं. बोलावणं गेलं होतं आणि 'असा कोणी वापरकर्ता नाही' असा शेरा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत आलं होतं. तो शेरा मीच काही महिन्यांपूर्वी मराठीत करून दिला होता.

केंद्राच्या मागे फणसाखाली उभा राहून मी मुंबईला, बोलावणी पाठवणाऱ्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या बाई शुद्ध आणि कोरड्या मराठीत बोलत होत्या. चूक कोणाची, त्यांनी विचारलं. माझी, मी म्हटलं. खातं कुणी बंद केलं तिथे माझंच नाव निघेल, लॉगमधली नोंद बघा. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, मेल परत आल्याची नोंद आमच्याकडे आहे, त्यामुळे उद्या संध्याकाळपर्यंत कुडाळच्या कचेरीत कागद आले तर घेतले जातील. पण प्रमाणपत्रावर एक नाव आणि डिरेक्टरीत दुसरं, हे चालणार नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि त्यावर दोन्ही नावांनी तिला ओळखणाऱ्या रक्ताच्या नातेवाइकाची सही. मी हो म्हणालो. 

आत जाऊन ताईला सगळं सांगितलं. ती गोळ्या मोजून पाकिटात भरत होती. मोजणं संपवून तिनं पाकीट मिटलं.

"खंयच्या नावान सोदलंस माका?"

"माहेरच्या."

"आणि पुसलंस खंयच्या?"

मी तिच्या कोटावरच्या पट्टीकडे बघितलं. ती म्हणाली, "तेवीस वर्सां झाली, रे. हंयच्या पेशंटांका पण म्हायत आसा." आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं एका म्हाताऱ्याला आत बोलावलं आणि त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला लागली. मी बाकावर बसून राहिलो, मला उठताच येईना. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ एका जागी कधी बसलो नसेन.

कागद वेळेत पोचले आणि काही महिन्यांनी तिला कायमची ऑर्डर मिळाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगीच टांगणीला लागायला नको. कंपनीनं मला लेखी ताकीद दिली, ती मी नीट घडी करून ठेवली आहे. आता साफसफाई करताना मी प्रत्येक बाईच्या नावापुढे जुनं नावही मागवतो आणि दोन्ही नावांनी ती सापडेल अशी सोय करतो. मुंबईचे लोक म्हणतात, काम फार हळू चाललंय. मी म्हणतो, चालू दे. पण मला जे सांगायचं आहे ते कुडाळातलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कुडाळला नोटरीकडे गेलो. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नोटरी म्हणजे एक म्हातारे वकील, एका गाळ्यात बसणारे. टायपिंगवाल्यानं मजकूर काढला. ताईनं एकदा पूर्ण वाचून सही केली आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे बघत दारात उभी राहिली, कारण त्या दुकानात रांग होती आणि कचेरी पाचला बंद होणार होती. सबंध रस्ताभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली होती. आधार कार्ड घेतलंस का, पेन आहे का, एवढंच.

खाली माझी ओळ होती. 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून मी तिला व्यक्तिशः ओळखतो.' असल्या ओळीखाली मी डोळे झाकून कितीदा तरी कुणाकुणासाठी सही केली असेल. आता पेन टेकवलं आणि पुढे सरकेना. वकिलांना वाटलं मी वाचतोय. ते म्हणाले, घाई नाही, पण मला माझ्या समाधानासाठी तोंडी विचारावं लागतं. यांचं माहेरचं नाव काय?

मी सांगितलं. ते सांगायला काहीच कष्ट पडले नाहीत, जन्मभर तेच तोंडात होतं.

आणि आत्ताचं?

मला ते पाठ होतं. आदल्या दिवसापासून मी ते मनात शंभर वेळा म्हटलं होतं. मी पेन खाली ठेवलं. मग मी ते नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं, बाहेरच्या बाजाराच्या आवाजावरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

दारात पाठमोरी उभी असलेली ताई चटकन वळली.

"काय रे?" ती म्हणाली.

वकील हसले आणि शिक्का काढला. मी सही केली.